जठराचा जंतू आणि आईकडून येणारे दोन वारसे
(वार्षिक सभेतील निवेदन)



जमाखर्च मांडणे हे माझे काम. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि जठराच्या रुग्णांसाठी जनुकीय तपासणीची सोय करावी, अशी सूचना एका देणगीदारांनी केली आहे. तिच्यामागील शास्त्र आपल्या डॉक्टरांकडून समजून घेऊन मी आपणांपुढे ठेवीत आहे.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या अस्तरात वास करतो. तो जठरव्रणाचे एक प्रमुख कारण आहे, हे ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मार्शल यांनी तर १९८४ साली हा जंतू स्वतःच प्राशन केला होता. (एवढा खोलात शिरणारा लेखापरीक्षक मी अद्याप पाहिलेला नाही!)

या जंतूचे विष पेशींत शिरून तंतुकणिकांवर, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियावर आघात करते. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या या कणिकांची स्वतःची ३७ जनुके असतात आणि ती अपत्याला केवळ आईकडून मिळतात. मातृवंशागणिक त्यांत सूक्ष्म फरक आढळतात. जंतू बाळगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर व्रण होत नाही, मग काहींनाच का व्हावा? त्याचे उत्तर या फरकांत शोधावे, असे शास्त्रज्ञांना वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र अशा तपासणीवरून आज कोणाही रुग्णाचा औषधोपचार ठरत नाही.

आजी, आई व मुलगी यांना एकच दुखणे असले की "हे आमच्या रक्तातच आहे" असे म्हटले जाते. वस्तुतः हा जंतूही बहुधा बालपणी घरातूनच, विशेषतः आईकडून येतो. लडाखमधील दोन समाजांच्या २००४ सालच्या अभ्यासात तर, लोकांच्या तंतुकणिकांतील जनुकांपेक्षा त्यांच्या पोटातील जंतूंवरून ते समाज अधिक स्पष्टपणे ओळखता आले. वारसे दोन, पैकी जनुकांचा बदलता येत नाही, जंतूचा औषधाने नाहीसा होऊ शकतो.

अडचण औषध पुरे होण्याची आहे. उपचार साधारणतः १४ दिवसांचा असतो. आपल्याकडील कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि गोळ्या अर्ध्यावर राहतात. मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू भारतात आधीच विपुल आहेत. अर्धवट औषधाने त्यांत भरच पडते. त्यात पाण्याची स्थिती आपण जाणताच. मध्य वैतरणा धरण आपल्याच तालुक्यात, त्याचे पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर! शिवाय लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचे रक्त वाढत नाही व ज्याचे अन्य कारण सापडत नाही, त्यांच्यातही हा जंतू शोधावा, असे डॉक्टरांचे मत आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, देणगीदारांच्या संमतीने हा निधी विष्ठेतील प्रतिजन तपासणीच्या संचांसाठी व १४ दिवसांची औषधे एकाच वेळी रुग्णाच्या हाती देण्यासाठी वापरावा. साहित्य दसऱ्यापूर्वी भांडारात यावयास हवे. खरेदीचा प्रस्ताव कार्यपत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे.