लढाई चालू असताना मोर्चा काढला तर देशद्रोह होतो का?

(जून १९९९ मध्ये पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण. लिहून काढताना थोडं नीट लावलं आहे.)



आजची बैठक मोर्च्याची तारीख ठरवायला आहे. पण मागच्या सोमवारी काय झालं ते आधी सांगतो. आम्ही पाच जण प्लॉटच्या पंचनाम्याचा अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज उघडलाच नाही. म्हणाले, "तिकडे कारगिलला जवान मरताहेत आणि तुम्हाला मोर्चा सुचतो? हा देशद्रोह आहे. केस लावीन." आम्ही परत आलो. एस.टी.त कोणी कोणाशी बोललं नाही. मी बारावी शिकलो, तरी तो शब्द ऐकून पोटात गोळा आला. साहेब बोलतो त्यात काही खरं असेल का, असंही वाटलं. म्हणून आठवडाभर म्हाताऱ्या माणसांना विचारलं, एका वकिलांकडे जाऊन बसलो. जे समजलं ते सांगतो.

कायद्यात एक कलम आहे, १२४ अ, राजद्रोहाचं. ते इंग्रजांनी घातलेलं. ह्याच कलमाखाली १९०८ साली टिळकांना सहा वर्षं मंडालेला ठेवलं. इंग्रज गेले, कलम राहिलं. मग १९६२ च्या जानेवारीत बिहारच्या केदारनाथ सिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारच्या कामावर कितीही कडक टीका केली तरी तो राजद्रोह नाही. हिंसा करायला, दंगा माजवायला लोकांना चिथावलं तरच तो गुन्हा. (त्या बिचाऱ्याची स्वतःची शिक्षा मात्र कायम राहिली.) दुसरं कलम १२१, सरकारविरुद्ध युद्ध करण्याचं. त्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे.

आता आपल्या भाषेत. शत्रूच्या फौजेला वाट दाखवली, बातमी दिली, पैसा नाहीतर हत्यार पुरवलं, तर तो देशाशी दगा. तसं कोणी केलं तर तो आपल्या पाड्यातला असला तरी मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. पण आपण काय केलं? कागदावर नाव लिहून, अंगठा उठवून, दिवसाढवळ्या कचेरीत गेलो. दगा करणारा माणूस अर्जावर अंगठा देतो का? हे सरकार आपलं आहे असं मानतो म्हणून तर त्याच्याकडे मागतो.

आणि ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात नवी नाही. झरीची सभा म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. मे १९४५. उंबरगाव तालुका तेव्हा ठाण्यातच होता. गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेत वारली लोकांनी ठरवलं की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. तेव्हा जपानशी लढाई चालूच होती. गोदूताईंच्या पक्षाचा त्या वेळी लढाईला पाठिंबा होता, हे ध्यानात ठेवा. लढाईला पाठिंबा आहे म्हणून जमीनदाराची वेठ चालू द्या, असं त्यांनी सांगितलं नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड धरून पाच माणसं गेली. तेव्हाही जमीनदारांनी सरकारला हेच सांगितलं होतं की आदिवासी हल्ला करायला जमलेत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. १९६२ ला चीनशी लढाई झाली, २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर. एक महिना. पण त्यासाठी लावलेली आणीबाणी उठली १९६८ च्या जानेवारीत. पाच वर्षांच्या वर! त्या आणीबाणीत भारत संरक्षण कायद्याखाली शेकडो माणसं खटला न चालवता आत ठेवली. शामराव परुळेकर त्यातलेच. १९५७ ला ह्याच ठाणे जिल्ह्याने त्यांना खासदार केलं होतं. ऑगस्ट १९६५ मध्ये ते आर्थर रोड तुरुंगातच वारले. लढाई थांबून तेव्हा अडीच वर्षं उलटून गेली होती. १९७१ चं तसंच. बांगलादेशची लढाई तेरा दिवसांची, आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये. म्हणून कोणी म्हणालं की "लढाई संपेपर्यंत थांबा", तर मी विचारतो, कोणाची लढाई आणि कधी संपेल?

ह्या वेळी तर आणीबाणी लावलेलीही नाही. घुसखोर एवढे आत येईपर्यंत सरकारला कळलं कसं नाही, असं दिल्लीत विरोधी पक्ष उघड विचारतात. विचारायलाच पाहिजे. ते देशद्रोही होत नाहीत आणि सातबारा विचारणारा आदिवासी तेवढा होतो?

जवानांचं म्हणाल तर १९७१ च्या लढाईत परमवीर चक्र मिळालेला अल्बर्ट एक्का हा उरांव आदिवासी होता, बिहारच्या गुमल्याकडचा. तो तिथे मेला. देशासाठी मरायचं आम्हाला कोणी शिकवायला नको.

आता एक काका काल म्हणाले ते सांगतो, कारण ते मला पटलं. "पोरा, आपलं खरं असलं तरी येळ बघावी. लोकांच्या घरात मयत असताना आपण ढोल वाजवीत नाय." बरोबर आहे. मागच्या बैठकीत पोरांनी मुंबई-अहमदाबाद हायवे अडवायचं काढलं होतं. माझं मत, ह्या महिन्यात हायवेला आणि रेल्वेला हात लावू नये. फौजेची एक गाडी जरी अडकली तर आपल्याच मनाला लागेल, आणि साहेबाला पाहिजे ते आयतं मिळेल. तारपा, ढोलही नकोत. पण मोर्चा पुढे ढकलायचा नाही. पाऊस लागला की आवणी, आणि आवणीच्या आधी प्लॉटवर नांगर गेला नाही तर गार्ड लिहील की जमीन पडीक आहे. मग पुढच्या वर्षी कोणता पुरावा दाखवणार?

तर पुढच्या सोमवारी सकाळी दहाला कचेरीवर. प्रत्येक घरातून एक बाई, एक बाप्या. दंडाच्या जुन्या पावत्या घेऊन या, पण खरी पावती कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. अर्जाची पोच मिळाल्याशिवाय उठायचं नाही. पोच द्यायची नसेल तर साहेबांनी "हा देशद्रोह आहे" एवढं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं, ते मी वकिलांकडे नेईन. भाकर बांधून आणा.