रबराचे मोहन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला आमंत्रण द्यायला घरी आल्या, तेव्हा मी कुकरची रिंग बदलीत बसले होते. जुनी रिंग कडक होऊन तिला चिरा गेल्या होत्या आणि सगळी वाफ बाजूने निघून जात होती. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतकी वर्षे खामगावला रसायनशास्त्र शिकविलेत, आम्हाला समजेल असे काहीतरी सांगा." मी ती रिंग त्यांच्या हाती ठेवली आणि म्हटले, "ह्याच्यावरच बोलते." त्यांना ती थट्टा वाटली असावी, पण मी आज खरोखरच त्या रिंगेपासून सुरुवात करणार आहे आणि आपल्या वावरातल्या सोयाबीनपर्यंत जाणार आहे.

पुरणपोळीची कणिक आपण तेल घालघालून तिंबतो. नुसत्या पाण्यात भिजविलेली कणिक ताणली की तुटते. तेलात तिंबलेली मात्र पुरणावर पातळ पसरते. रबराचेही असेच आहे. रबर म्हणजे लांबच लांब धाग्यांसारख्या रेणूंचा गुंता. हे धागे एकमेकांना घट्ट बिलगून बसले की रबर ताठर होते; मध्ये तेल शिरले की ते एकमेकांवरून सरकू लागतात. कारखान्यात ह्या तेलाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. मी आपली त्याला रबराचे मोहन म्हणते. रोजच्या वाफेने हे मोहन थोडे थोडे निघून जाते, उष्णतेने धाग्यांच्या आपसात नव्या गाठी पडतात, आणि आपली रिंग चामड्यासारखी होते. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, हे तुम्हांला मी सांगायला नको. रबरही जास्त तेलाने दुबळे पडते.

रबराच्या झाडाचा चीक सर्वांना ठाऊक आहे. पण आज टायरपासून कुकरच्या रिंगेपर्यंत पुष्कळसे रबर कृत्रिम असते. आपल्या देशात ते १९६३ साली बरेलीजवळच्या कारखान्यात निघू लागले, आणि गंमत अशी की, ते पेट्रोलियमपासून नव्हे तर उसाच्या मळीच्या अल्कोहोलापासून करीत. तो कारखाना पुढे बंद पडला. म्हणजे शेतातल्या मालाचा आणि कृत्रिम रबराचा संबंध आजचा नव्हे.

मोहनाचे तेल मात्र वर्षानुवर्षे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरलेले, काळे आणि स्वस्त असे वापरीत. त्यात कर्करोगाला कारण होणारी काही द्रव्ये असतात. टायर झिजला की त्याची धूळ रस्त्यावर पडते, तेथून पाण्यात आणि श्वासात जाते. म्हणून युरोपात १ जानेवारी २०१० पासून टायरच्या तेलातील ह्या द्रव्यांवर कडक मर्यादा आली. तेव्हापासून दुसऱ्या तेलांचा शोध अधिक जोराने सुरू झाला, आणि त्यात आपले ओळखीचे पीक पुढे आले. अमेरिकेतील गुडइयर कंपनीने २०१७ साली सोयाबीनचे तेल घातलेला टायर बाजारात आणला. थंडीत रबर ताठरत नाही आणि गिरणीत माल लवकर मिसळतो, असा त्यांचा अनुभव. २०४० पर्यंत खनिज तेल पूर्णपणे सोडण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले आहे.

पण कोणतेही तेल कोणत्याही रबराला चालत नाही. कुकरच्या रिंगा बहुधा नायट्राइल नावाच्या रबराच्या असतात, काही सिलिकोनच्या. नायट्राइल तेलाला दाद देत नाही, म्हणून तर फोडणीचे तेल लागूनही रिंग फुगत नाही. मग त्याला मोहन कशाचे? त्यासाठी थॅलेट नावाची द्रव्ये वापरण्याची रीत जुनी आहे. त्यांतली काही शरीरातल्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात, म्हणून मुलांच्या खेळण्यांत त्यांवर युरोपात २००५ साली बंधने घातली गेली. ह्या ठिकाणी आपले एरंडेल उपयोगी पडते. त्यापासून सेबॅसिक आम्ल काढतात, त्याचे सेबॅकेट करतात, आणि ते घातलेले नायट्राइल कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहते. जगाला लागणारे बहुतेक एरंडेल भारतातून जाते, त्यातही गुजरातेतून. आपल्याकडे एरंड धुऱ्यावर उगवतो आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नाही.

सोयाबीनच्या तेलाचा एक अवगुणही सांगते. रबर पक्के करण्यासाठी त्यात गंधक घालून तापवितात. सोयाबीनचे तेल त्यातला काही गंधक स्वतःच ओढून घेते, जसे बटाटा रश्श्यातले मीठ ओढतो. प्रमाण बदलले नाही तर रबर कच्चे राहते. जवसाचे तेल ह्याहून अधिक हट्टी. ते हवेत राहून स्वतःच घट्ट होते, म्हणून रंगाला चांगले, मोहनाला नव्हे. पण जवसासारखी तेले गंधकाबरोबर आधीच शिजविली तर रबरासारखाच एक लिबलिबीत पदार्थ मिळतो. त्याला फॅक्टिस म्हणतात. मुलांच्या दप्तरातला खोडरबर पुष्कळदा ह्याच्याच जोरावर कागद न फाडता अक्षर पुसतो. आमच्या आजीला हे कळते तर तिने जवसाच्या चटणीचा घास हातातच धरून माझ्याकडे पाहिले असते.

आता मला खरोखर जे सांगायचे आहे ते सांगते. २००६ च्या सुमारास आमच्या गावात काही लोक आले. मोगली एरंड लावा, त्याच्या बियांच्या तेलावर मोटारी चालणार आहेत, बी आम्हीच घेऊ, असे म्हणाले. माझ्या दिरांनी साऱ्या धुऱ्यावर रोपे लावली. बी धरले, पण घ्यायला कोणी आले नाही. शेवटी जाऊबाईंनी ती झाडे चुलीत घातली. त्यामुळे परवा पुतण्याने मोबाइलवर सोयाबीनच्या टायरची बातमी वाचून, "काकू, आता भाव येणार!" असे म्हटले, तेव्हा मी त्याला पाटावर बसवून हिशेब मांडायला लावला.

एक क्विंटल सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० किलो. बाकी मुख्यतः ढेप. तेव्हा आपल्या मालाचा भाव तेलाइतकाच, किंबहुना अधिक, ढेपेच्या मागणीवर ठरतो. २०२४ च्या दिवाळीला हमीभाव ४८९२ रुपये असताना आम्ही चार हजारांच्या आसपास माल घातला, कारण देणी थांबत नव्हती. पुढच्या हंगामाला सरकारने ५३२८ जाहीर केले. टायरवाल्यांनी तेल घेतले तरी ही तफावत तेवढ्याने बुजणार नाही. शिवाय देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. तेव्हा भजी तळायचे तेल रबरात घालावे की नाही, हा प्रश्नही आहेच. मला स्वतःला एरंडेल आणि काजूच्या टरफलाचे तेल ह्यांचा मार्ग अधिक बरा वाटतो, कारण ते कोणाच्या ताटातून काढून घ्यावे लागत नाही.

पुतण्या हिरमुसला. मग त्याने विचारले, "काकू, ह्या विषयाचे शिक्षण कुठे मिळते?" मी त्याला नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेचे नाव सांगितले. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांच्या देणगीतून १९४२ साली ती निघाली आणि तेलांचे शास्त्र तेथे शिकवितात. ह्या वर्षी त्याची बहीण बारावीला आहे. प्रवेशाची माहिती तिनेच काढली आहे, आणि फीचे कसे करायचे ह्यावर घरात बोलणे चालू आहे.

जुनी रिंग मी बरोबर आणली आहे. कार्यक्रम झाल्यावर ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी पाहावा.