रुग्णसेवेची नवी वाट

पुणे जिल्ह्यातल्या शिक्रापूर-सणसवाडीच्या कारखान्यांत काही वर्षे चाकरी केल्यावर ज्यांच्या मनात परिचर्येचा व्यवसाय पत्करण्याचा विचार येतो, त्यांनी वयाचा संकोच बाळगू नये. कारण रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने प्रौढ विधवांनाही ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून देऊन स्वावलंबी केले, हा इतिहास आपल्याच जिल्ह्याचा आहे.

परदेशांतल्याप्रमाणे पदवीधरांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम मात्र आपल्याकडे नाही. बी.एस्सी. नर्सिंगची मुदत ४ वर्षांची असून त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि प्रवेशपरीक्षा आवश्यक आहेत. अन्य शाखांच्या बारावी उत्तीर्ण उमेदवारांना ३ वर्षांचा जी.एन.एम. हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम ३५ वर्षे वयापर्यंत खुला असतो आणि तो पुरा करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्यावर आणखी २ वर्षांत पदवीही पदरात पडते.

तेव्हा राजीनामा देण्यापूर्वी दाखले जमवावेत, घरखर्चाची तजवीज करावी आणि संस्थेला परिचर्या परिषदेची मंजुरी आहे की नाही याची खातरजमा करावी. रात्रपाळीची सवय कारखान्याने लावलेलीच आहे. ती आता रुग्णांच्या उशाशी कामी येऊ द्या.