दुसरे कुलूप
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या थोरल्याची ती संगणकावरची नाणी चोरापासून कशी वाचली, ते मंडळात सांगा." सांगते. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

२०२२ साली आपल्या भिशीचे पैसे माझ्याकडे असत. बाराजणींचे बारा हजार. एका महिन्यात ज्यांचा नंबर लागला त्यांना पैसे चार दिवस उशिरा मिळाले, आणि मी सांगितले की बँक बंद होती. ते खोटे होते. पैसे माझ्या खात्यातून गेले होते. दुपारी एकाचा फोन आला, "ताई, तुमचे कार्ड आज रात्री बंद पडेल." मी घाबरून कार्डावरचे आकडे सांगितले. मग मोबाइलवर सहा आकड्यांचा संदेश आला, तोही वाचून दाखवला. त्याच संदेशात लिहिले होते की हा आकडा कोणालाही सांगू नये. आकडा वाचला, वाक्य वाचले नाही. साडेअकरा हजार गेले. मी गळ्यातली पोत मोडली आणि भिशी भरली. अशा वेळी ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करायचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोन दिवस नुसती रडत बसले. घरच्यांनाही आठ दिवसांनी सांगितले.

आता थोरल्याची गोष्ट. तो सातपूरला कारखान्यात आहे. घराच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेल्यातून चाळीस हजार काढून त्याने ही क्रिप्टोची नाणी घेतली. आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात, तशी ही कोठे छापली जात नाहीत. नुसता हिशेब, आणि तो जगभरच्या संगणकांवर. सरकार त्याच्या पाठीशी उभे नाही, पण २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर मात्र घेते! मला हा व्यवहार आजही पसंत नाही. पण मुलगा मोठा झाला, म्हणजे आईने कोठवर बोलायचे?

मी एवढेच विचारले, "कुलूप काय लावलेस?" म्हणाला, "पासवर्ड आहे." पासवर्ड कोणता, तर धाकटीचे नाव आणि तिचे जन्मसाल. तोच चार ठिकाणी! मी म्हटले, दुसरे कुलूप लाव. तो हसला, "आई, तुला ह्यातले काय कळते?" मी म्हटले, "ह्यातले नाही कळत, पण चोरातले कळते. साडेअकरा हजार मोजून शिकले आहे."

बँकेतला लॉकर आपण पाहिला आहे. एक किल्ली बँकेची, एक आपली. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. हेही तसेच. पासवर्ड ही डोक्यातली किल्ली, मोबाइल ही हातातली. कार्डाने इंटरनेटवर पैसे देताना अशी दुसरी खात्री करून घ्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००९ पासूनचा आहे. नाण्यांच्या खात्यावर मात्र ते कुलूप पुष्कळदा आपणच 'सुरक्षा' ह्या सदरात जाऊन लावायचे असते.

त्यातही दोन प्रकार. एकात आकडा संदेशाने येतो. पण चोराने आपल्या नावाने दुसरे सिमकार्ड काढले, तर संदेश त्याच्या घरी. म्हणून थोरल्याने गूगल ऑथेंटिकेटर घेतले. त्यात संदेश येतच नाही. सहा आकडे मोबाइलवर आपोआप दिसतात आणि दर तीस सेकंदांनी बदलतात, इंटरनेट नसले तरी. मला नवल वाटले, की मग कंपनीला हा आकडा कळतो कसा? धाकटीने समजावले. खाते जोडताना एक लांबलचक गुप्त अक्षरमाला दोन्हीकडे ठेवली जाते आणि घड्याळ तर दोन्हीकडे असतेच. दोघे एकच गणित करतात. दोन घरी एकच पंचांग असले, म्हणजे एकादशी कधी हे कळवायला निरोप धाडावा लागत नाही, तसे.

ती अक्षरमाला मी तिच्याकडून कागदावर लिहवून घेतली आणि देवघरातल्या डब्यात, पोथीखाली ठेवली. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढू दिला नाही. किल्ली कुलपालाच टांगून ठेवायची का?

गेल्या श्रावणात त्याला पहाटे ईमेल आला. कोणी तरी परक्या ठिकाणाहून खात्यात शिरू पाहत होते. पासवर्ड बरोबर, सहा आकडे चुकीचे. त्या दिवशी माझ्या मुलाने मुकाट्याने चारही ठिकाणचे पासवर्ड बदलले. आणि ईमेललाही दुसरे कुलूप लावले, कारण 'पासवर्ड विसरलो' म्हटले की नवा तेथूनच मिळतो. ही नाणी एकदा दुसऱ्याच्या पत्त्यावर गेली, तर ती परत बोलवायला बँकही नाही आणि मामलेदारही नाही.

पुढे मामांच्या दशक्रियेला रामकुंडावर त्याचा मोबाइल पाण्यात गेला. खाते कायमचे बंद झाले म्हणून तो डोक्याला हात लावून बसला. मी घरी येऊन डबा उघडला. नवीन मोबाइलमध्ये ती अक्षरे भरली, आणि आकडे पुन्हा दिसू लागले. कागद नसता तर कंपनीला कागदपत्रे पाठवून वाट पाहत बसावे लागले असते.

एवढ्याने चिंता मिटली असे समजू नका. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स ह्या आपल्याकडच्या मोठ्या कंपनीतून सुमारे दोन हजार कोटींची नाणी गेली. लोकांनी आपापल्या खात्याला दोन कुलपे लावली असतील, पण चोरी झाली कंपनीच्याच तिजोरीत. लोकांचे पैसे अडकले, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले. त्या तिजोरीला सहाजणांकडे सहा किल्ल्या आणि उघडायला चार लागत. कंपनीचे म्हणणे असे, की सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसले एक आणि सही झाली भलत्यावरच. हे धाकटीने वाचून दाखवले, तेव्हा मला माझी ती दुपार आठवली. माझ्याकडेही दुसरे कुलूप होतेच की. किल्ली मीच दिली. शिकलेली माणसेसुद्धा तशीच फसतात, हे ऐकून मनाला थोडे बरे वाटले, हेही खरे सांगते.

म्हणून कोणी फोनवर ते सहा आकडे मागितले, मग तो बँकेचा म्हणवो, कंपनीचा म्हणवो की पोलिसांचा, फोन ठेवायचा. आलेल्या दुव्यावरून उघडलेल्या पानावरही आकडे भरायचे नाहीत. पान खोटे असले तर चोराला तीस सेकंद पुरतात.

ज्यांना आपल्या ईमेलला किंवा खात्याला हे कुलूप लावून हवे असेल, त्यांच्यासाठी माझी धाकटी चहाच्या टेबलाशी वही-पेन घेऊन बसली आहे. ती लावून देईल. आपला पासवर्ड मात्र तिलाही सांगू नका. आणि २०२२ च्या भिशीतल्या ज्यांना मी चार दिवस खोटे बोलले, त्यांची मी येथे सर्वांसमक्ष क्षमा मागते.