मालमोटार आणि तिचे कागद



वसंत व्याख्यानमालेत मालमोटारीवर व्याख्यान ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर वेदान्त यावा, इतिहास यावा, ट्रकचे परवाने कसले? परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माणसाला हा विषय परका नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आपण सर्वांनी पाहिलेला आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांतून घाट चढून येणाऱ्या मालावरची जकात त्यात पडत असे, अशी परंपरा आहे. म्हणजे माल वाहणाऱ्याने वाटेत थांबून सरकारचे देणे चुकते करावे, हा प्रकार आपल्याकडे दोन हजार वर्षांचा जुना म्हणावयास हरकत नाही. बैलांच्या पाठीवरचे तांडे गेले आणि नारायणगावच्या टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्या आल्या, एवढाच फरक.

परवान्याची जन्मकथा मात्र गमतीची आहे. १९३९ साली मोटार वाहन कायदा झाला आणि भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला परवाना सक्तीचा ठरला. त्यात वाहतुकीच्या शिस्तीचा विचार होताच, पण आगगाडीचा धंदा मोटारींनी पळवू नये हाही एक हेतू होता. ज्या आगगाडीच्या रक्षणार्थ हा परवाना निघाला ती जुन्नरला आजतागायत आलेली नाही. परवाना मात्र वेळेवर आला! पुढे १९५९ साली मसानी समितीने ही बंधने सैल करण्याची शिफारस केली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, त्यात तर अधिकाऱ्याने परवाना सहसा नाकारू नये असेच म्हटले आहे. तेव्हा परवाना मिळवणे ही पूर्वीसारखी दुर्घट गोष्ट राहिलेली नाही. खरी मेहनत तो जिवंत ठेवण्याची आहे, आणि आमच्या मते नेमकी तिथेच आपली माणसे कमी पडतात.

धंद्याचा आरंभ बहुधा असा होतो. दोघे भाऊ, थोडी जमीन, एका हंगामात कांद्याला किंवा टोमॅटोला बरा भाव मिळतो आणि कर्ज काढून गाडी येते. आर. सी. एकाच्या नावावर, हप्ते दुसरा भरतो, डिझेलचा हिशेब वहिनींच्या वहीत. धंदा दोघांचा असेल तर भागीदारीचा लेख करावा आणि तो नोंदवावा. १९३२ च्या भागीदारी कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, हे खरे. पण न नोंदलेल्या पेढीला करारातील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. व्यापाऱ्याकडे सहा महिन्यांचे भाडे थकले म्हणजे या वाक्याचा अर्थ कळतो. ज्यांना स्वतःच्या गाडीपुरते न थांबता लोकांचा माल गोळा करून, बिल्टी फाडून पुढे पाठवावयाचा आहे, म्हणजे जुन्या भाषेत हुंडेकरी व्हावयाचे आहे, त्यांच्यासाठी २००७ चा निराळा कायदा आहे. तो २०११ पासून लागू झाला, आणि त्याखाली स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते.

आता गाडीच्या कागदांकडे वळू. आपल्या दोन्ही तालुक्यांचा कारभार पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडे, म्हणून आपल्या गाड्यांवर एम. एच. १४. बहुतेक अर्ज आता घरबसल्या संगणकावर होतात, तरी आपला माणूस सगळी फाईल एजंटाच्या हाती देतो आणि परत आल्यावर ती उघडूनही पाहत नाही. पैसे देऊन काम करून घेण्यात गैर काही नाही. पण आपल्याच गाडीचे कागद न वाचणे म्हणजे आपलाच सातबारा न पाहण्यासारखे आहे.

तिथे वाचण्याजोगा पहिला आकडा म्हणजे मालासह एकूण वजन. ते तीन हजार किलोपर्यंत असेल तर कायद्याने परवान्याची गरज नाही. पुष्कळ पिकअपवाले यावरून निर्धास्त असतात. परंतु पिकअप म्हणून विकल्या जाणाऱ्या साऱ्याच गाड्या या मर्यादेत बसत नाहीत. काहींचे वजन तिच्या पुढे जाते. शिवाय परवाना नको याचा अर्थ पासिंग नको, विमा नको, असा लावणारेही आम्ही पाहिले आहेत. तसे मुळीच नाही. उलट पासिंग संपलेल्या व्यापारी गाडीची मूळ नोंदणीसुद्धा कायदा वैध धरीत नाही.

परवाना पाच वर्षांचा, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी निदान पंधरा दिवस गेला पाहिजे. पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांचे, नंतर दर वर्षी. विम्याची तारीख निराळी, पी. यू. सी. ची त्याहून निराळी. यांतील एकही तारीख दुसरीला विचारून येत नाही! भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी आणि चतुर्थीच्या शेजारी या तारखा तांबड्या शाईने लिहाव्यात, याहून शहाणा उपाय आम्हांस ठाऊक नाही.

दंड हा यातला लहान भाग आहे. जादा माल भरल्यास वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, अशी २०१९ ची दुरुस्ती सांगते. हंगामात आडत्या म्हणतो, आणखी पन्नास क्रेट टाका. गाडी काट्यावर अडते. आणि पहाटे वाशीला पोहोचावयाचा टोमॅटो उन्हात उभा राहतो. हे नुकसान मोजता तरी येते. अपघाताचे तसे नाही. परवाना नसलेल्या गाडीने अपघात केला तर तो विम्याच्या अटींचा मूलभूत भंग होय, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. विमा कंपनीने जखमींना किंवा वारसांना भरपाई द्यावयाची आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करावयाची. विमा असूनही शेत विकण्याची पाळी येते ती अशी.

याहून जिवाला लागणारी गोष्ट आपल्या रस्त्यांवर रोज दिसते. तोडणीला निघालेल्या बायका पिकअपच्या हौद्यात उभ्या असतात. लग्नसराईत टेम्पोत वऱ्हाड बसते. मालाचा धनी किंवा त्याचा माणूस मालासोबत बसला असेल तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याला विम्याचे छत्र आहे. गाडीवर नोकरीस असलेल्यांची गोष्टही वेगळी. पण मालगाडीत सहज बसवून घेतलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. त्या बाईचे काही बरेवाईट झाले तर तिच्या मुलांनी कोणाच्या दारात जावे? मालकाच्या, आणि त्याच्यापाशी तरी काय असते?

चालकाच्या बाबतीत एक दिलासा आहे. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या मोटारीचे लायसन पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. लायसन पुरते, झोप मात्र पुरत नाही. कामगाराचा दिवस आठ तासांचा हे तत्त्व १९६१ पासून मोटार कामगारांच्या कायद्यात आले. सलग दोन रात्री माळशेज उतरून पुन्हा चढणाऱ्या चालकाला ते कोणी सांगितलेले दिसत नाही.

शेवटी विक्री आणि वारसा. स्टँपपेपरवर सही झाली, पैसे मोजले, गाडी गेली. नाव मात्र आपलेच. चौदा दिवसांत कार्यालयाला कळवावे असे कायदा विकणाऱ्यास सांगतो, आणि नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच, असे २०१८ च्या दुसऱ्या एका निकालाने ठरले आहे. गाडी चार हातांतून फिरली असली तरी हाच न्याय. गाडीवर कर्ज असेल तर सावकारी संस्थेची संमती अगोदर घ्यावी.

मालक वारला तर घरच्यांना दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत परवाना आठवत नाही. तरीही तीस दिवसांच्या आत मृत्यूची खबर परिवहन अधिकाऱ्यास लेखी द्यावी. तशी दिल्यास वारसाला तीन महिने त्याच परवान्यावर गाडी चालवता येते, आणि त्याच तीन महिन्यांत तो आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज जावा लागतो. खबर न देता गाडी चालू ठेवली तर ती पहिल्याच दिवसापासून विनापरवाना ठरू शकते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो; तो ग्रामपंचायतीतून काढताना दोन-तीन प्रती अधिक घ्याव्यात, कारण विमा कंपनी आणि बँक याही तोच मागतात.