भीतीची चाहूल

मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातले भयभेरव सुत्त थेट भीतीबद्दलच आहे. श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणि ब्राह्मणाशी बोलताना बुद्ध बोधीपूर्वीच्या रात्रींची आठवण सांगतात. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमीच्या रात्री ते मुद्दाम भयाण वनांत राहत. एखादे जनावर जवळून जाई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि भीती दाटून येई. त्यांनी नेम धरला: चालताना भीती आली तर ती ओसरेपर्यंत चालतच राहायचे, बसलेले असताना आली तर बसूनच. उपाय साधा, पण किती धीराचा!

तो घरातही लागू पडतो. मध्यरात्री फोन वाजला की छातीत धस्स होते, घसा कोरडा पडतो. बौद्ध परिभाषेत ही वेदना, म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा तटस्थ असा कुठलाही अनुभव. फोन उचलण्याआधीच मन जे अभद्र रचू लागते, ती मात्र आपली भर. सल्लत्थ सुत्तात तिला दुसऱ्या बाणाची उपमा दिली आहे. पहिला बाण चुकवता येत नाही, दुसरा चुकवता येतो. त्यासाठी सराव लागतो: इगतपुरीच्या धम्मगिरीवरील १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात सुरुवातीचे दिवस नुसता श्वास पाहण्यात जातात. अंगावरच्या संवेदना त्यानंतर.