विमानतळाची वाट खळ्यातून सुरू होते

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. आपल्यापैकी विमानात कोण बसले आहे असे विचारले, तर थोडेच हात वर होतील. आपला हापूस मात्र कित्येक वर्षे विमानाने परदेशी जातो आहे. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ साली प्रवेश दिला. म्हणूनच विमानतळाकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे हा आपल्या बागेचाही विषय आहे.

मी कृषिविद्येचा अध्यापक. काही वर्षांपूर्वी एका बागायतदारांबरोबर त्यांच्या टेंपोतून वाशीला गेलो होतो. आंबा सकाळी अकरापर्यंत उतरवला, क्रेट दोन तास खळ्यात उन्हात राहिले, वर ताडपत्री घट्ट आवळली. पुढे माणगावला वाहतूक अडली. पोहोचलो तेव्हा त्या दिवसाची प्रक्रियेची पाळी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी निवडीत बरेच फळ बाद झाले आणि सारा माल स्थानिक बाजारात विकावा लागला. परतताना ते म्हणाले, "सर, आपलं विमान माणगावात नाही चुकलं, खळ्यातच चुकलं." वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब त्या दोन तासांत बिघडला होता.

असे का होते? तोडलेले फळ जिवंत असते, श्वास घेते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. विमान काही तासांत समुद्र ओलांडते, पण खळ्यात गेलेले फळाचे आयुष्य विमान परत देऊ शकत नाही.

आता रस्त्यांचा विचार करू. कोकणातून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुना १७, महाड, माणगाव, पेणवरून पनवेलजवळ पळस्पे येथे पोहोचतो. मुंबईच्या सहार विमानतळावर जायचे तर वाशीचा खाडीपूल ओलांडून शहराच्या गर्दीत शिरावे लागते. नवा विमानतळ खाडीच्या अलीकडे, पनवेल-उलवे परिसरात आहे. निर्यातीच्या आंब्यावर विकिरण आणि बाष्प-उष्णता प्रक्रिया करणारी पणन मंडळाची केंद्रेही वाशीलाच आहेत. म्हणजे माल नव्या विमानतळावरून जाणार असेल, तर शेवटचा टप्पा पुष्कळ आखूड होतो. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू चिर्ले आणि शिवडी यांना जोडतो. त्यावर दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना बंदी आहे.

रेल्वेचे काय? कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. तिच्या गाड्या पनवेल जंक्शनवरून जातात. भरलेले ट्रक वाघिणीवर चढवून नेणारी रो-रो सेवाही १९९९ साली कोलाड ते वेर्णा सुरू झाली. परंतु आंब्याच्या थोड्या पेट्या गाडीने पाठवायच्या तर स्थानकावर चढवणे, पनवेलला उतरवणे, पुन्हा टेंपोत भरणे आले. प्रत्येक हाताळणीत फळाला मार बसतो. नेरूळ-उरण लोकलमार्ग जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पूर्ण झाला. त्यावरील तरघर स्थानक विमानतळाला जवळचे आहे. मुलगा परदेशी निघाला तर हा मार्ग त्याच्या सोयीचा. निर्यातीच्या पेट्यांसाठी तो नव्हे. लहान बागायतदाराला तूर्त रस्ताच बरा.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. तोडणीपूर्वी निर्यातदाराला विचारा: माल सहारवरून जाणार की नव्या विमानतळावरून? प्रक्रियेची पाळी केव्हा आहे? तेथून उलट मोजून तोडणीचा दिवस ठरवा.

२. तोडणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर नूतन झेल्याने करा. चार-पाच सेंटिमीटर देठ ठेवा, म्हणजे फळावर चीक सांडत नाही.

३. तोडलेले फळ तापल्या जमिनीवर ठेवू नका, साका वाढतो. क्रेट सावलीत ठेवा.

४. टेंपो संध्याकाळी भरून रात्री निघा. क्रेटमधून हवा खेळेल अशी मांडणी करा.

५. शीतगाडी असल्यास तापमान १२-१३ अंशांखाली नेऊ नका. फळाला थंडीची इजा होते.

६. एकट्याचा माल थोडा असेल तर वाडीतील चौघांनी मिळून एक गाडी करा आणि एकाच वेळी तोडणी करा.

महामार्ग केव्हा मोकळा होईल हे आपल्या हातात नाही. खळ्यातली सावली आणि निघण्याची वेळ मात्र आपल्याच हातात आहे. येत्या हंगामात पहिली पेटी भरण्यापूर्वी घड्याळ पाहा, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.